हॉट प्रेसमध्ये फायबरवालं अॅल्युमिनियम: पहिला तुकडा काढायच्या आधी

दरवर्षी प्रोजेक्टचे विषय ठरले की दोघं-तिघं तरी येतात, अॅल्युमिनियममध्ये कार्बन फायबर घालून हॉट प्रेस करायचंय म्हणतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, टेम्परेचर किती ठेवू आणि प्रेशर किती?" मी सांगतो ५६० डिग्री आणि ३० मेगापास्कल. ते खूश होऊन जातात आणि तीन आठवड्यांनी ग्राफाइटच्या पंचचे (डायमध्ये, म्हणजे साच्यात, घुसून दाबणारा दट्ट्या) दोन तुकडे हातात घेऊन परत येतात. म्हणून या दोन आकड्यांच्या मागे काय काय लपलंय ते एकदा सगळं लिहून ठेवतोय. प्रेसवरचं खरं काम चार-पाच तासांचं असतं, पण त्याआधीची तयारी चार-पाच दिवस खाते, आणि तुकडा चांगला निघणार की भंगारात जाणार हे त्या दिवसांतच ठरतं.

आधी हे बघू की मेटल वितळवून फायबरवर सरळ ओतत का नाही. एक तर वितळलेलं अॅल्युमिनियम कार्बनला भिजवत नाही, अळूच्या पानावर पाणी पडावं तसं वरून घरंगळतं. तापमान हजाराच्या आसपास नेलं तर भिजवतं, पण तिथे दोघांची रिअॅक्शन होऊन अॅल्युमिनियम कार्बाइड बनतं आणि फायबर खाल्लं जातं. हॉट प्रेसमध्ये मेटल वितळवायचीच नाही, मऊ करायची, दाबून फायबरच्या भोवती बसवायची आणि कणाला कण, थराला थर डिफ्यूजनने, म्हणजे अणू एकमेकांत शिरून, चिकटू द्यायचा. हे काही आजकालचं फॅड नाही. स्पेस शटलच्या मधल्या धडात बोरॉन फायबर आणि अॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या, तब्बल २४३, आणि साध्या अॅल्युमिनियमच्या डिझाइनपेक्षा त्यात १४५ किलोच्या आसपास वजन वाचलं. १९९० ला वर गेलेल्या हबल टेलिस्कोपच्या अँटेनाचा ३.६ मीटरचा दांडा ग्राफाइट (म्हणजे कार्बनच्याच) फायबर आणि ६०६१ नावाच्या अॅल्युमिनियम अॅलॉयचा आहे, तो डिफ्यूजन बाँडिंगनेच केलेला. उन्हातून सावलीत गेलं तरी लांबी फारशी बदलू नये म्हणून हा खटाटोप, कारण अॅल्युमिनियम दर डिग्रीला लाखात साधारण २.४ भाग वाढतं आणि कार्बन फायबर लांबीच्या दिशेने जवळपास वाढतच नाही, उलट किंचित आखडतं.

मेटल आणि फायबर निवडताना

मेटल ६०६१ घ्या. त्यात एक टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि तेच आपल्या कामाचं. प्रत्येक कणावर, प्रत्येक फॉइलवर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा पापुद्रा असतोच, तुम्ही कितीही घासा, हवेत क्षणात परत येतो. हा पापुद्रा मध्ये असला की मेटलला मेटल भेटत नाही. दाब देऊन कण चेपले की पापुद्रा तडकतो आणि भेगांतून ताजी मेटल बाहेर येऊन एकमेकींना चिकटते, शिवाय मॅग्नेशियम त्या ऑक्साइडशी रिअॅक्ट होऊन तो तोडायला मदत करतं. शुद्ध अॅल्युमिनियमला हा फायदा मिळत नाही. दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती सॉलिडस. ६०६१ साधारण ५८२ डिग्रीला वितळायला सुरुवात होते, ६६० ला नाही. ६६० शुद्ध अॅल्युमिनियमचं. हा आकडा शाळेपासून डोक्यात बसलेला असतो आणि तोच घात करतो, पुढे सांगतो.

आणि हो, किचनमधली फॉइल आणू नका. मी आणली होती. ती बहुतेक ८०११ अॅलॉयची असते, जाडी दहा-वीस मायक्रॉन, तारेवर ठेवून दाबली की नुसती फाटते.

फायबरमध्ये एक गोम आहे जी वाचताना कोणाच्या लक्षात येत नाही. बोरॉन किंवा सिलिकॉन कार्बाइडचा मोनोफिलामेंट १०० ते १४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एकेक तार वेगळी दिसते, हातात धरता येते, आणि दोन तारांमध्ये मऊ झालेली फॉइल आरामात घुसते. कार्बन फायबर ७ मायक्रॉनचा, आणि एका दोऱ्यात असे हजारो. फॉइलच्या दोन थरांमध्ये कार्बनचं कापड ठेवून दाबलं की मेटल वरवर चिकटते आणि दोऱ्याच्या पोटात शिरतच नाही, आत सगळं कोरडं. कापून मायक्रोस्कोपखाली बघितलं की सँडविचमध्ये केसांचा पुंजका ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून नवख्याने कार्बन वापरायचा असेल तर बारीक चिरलेला फायबर, साधारण ३ मिलिमीटरचा, आणि अॅल्युमिनियमची पावडर, हा रस्ता धरावा. निकेल चढवलेला कार्बन फायबर मिळाला तर अजून चांगलं, तो चढ मेटल आणि कार्बनची थेट गाठ काही काळ तरी अडवतो.

पण पहिला तुकडा स्टीलच्या तारेचा करा

मोनोफिलामेंट महाग, कार्बन किचकट, म्हणून सरावाला ३०४ स्टेनलेसची ०.१५ मिलिमीटरची तार घ्या. वजनात काही फायदा नाही, उलट जड होतं, पण सगळ्या पायऱ्या हाताखालून जातात आणि चूक झाली तर दोन-चारशे रुपयांतच भागतं.

वाइंडिंगला खास मशीन लागत नाही, वर्कशॉपमधला लेथ चालतो. दीडशे मिलिमीटर व्यासाचा पाइप चकमध्ये धरायचा, त्यावर ०.२ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पातळ शीट घट्ट गुंडाळायची, आणि थ्रेडिंगचा फीड ०.३५ मिलिमीटरला लावून अगदी सावकाश फिरवत तार गुंडाळत जायची. टूलपोस्टवर एक छोटी पुली बसवली की तार आपोआप सरकत जाते. ताण हाताने चिमटीत धरून दिला तरी चालतो, पण हातमोजा घालून नाही, हातमोजा तारेत अडकला की बोटासकट आत ओढला जातो, नारळाच्या काथ्याचा किंवा फेल्टचा तुकडा चिमट्यात धरा. आमच्या वर्कशॉपमधल्या मामांनी बघितलं आणि म्हणाले, "काय रे, पतंगाचा मांजा करतोयस होय?" अगदी तेच काम आहे. गुंडाळून झालं की अॅक्रिलिक शीटचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेलं पातळ द्रावण ब्रशने फिरवायचं, वाळलं की तारा जागच्या जागी बसतात, मग पाइपच्या लांबीने ब्लेड मारून शीट उलगडायची आणि त्यातून ५० मिलिमीटरच्या चकत्या कापायच्या. अॅक्रिलिकच का, तर ते तापवल्यावर ३०० ते ४०० डिग्रीत जवळपास पूर्ण वाफ होऊन निघून जातं, काळा कचरा मागे राहत नाही. फेविकॉल लावलेल्या एकाच्या तुकड्यात प्रत्येक तारेभोवती काळी रिंग आली होती, हसू नका, तुम्हालाही हा मोह होईल.

या मापांनी तार साधारण २० टक्के येते. एका मिलिमीटर रुंदीत २.८६ तारा, एकेका तारेचं क्षेत्रफळ ०.०१७७, गुणून ०.०५ आलं, शीटचे ०.२, म्हणजे ०.२५ मधले ०.०५.

गुंडाळायच्या आधी शीट स्वच्छ करायची, त्यात कंटाळा नको. अॅसिटोनने तेल काढा, मग कोमट पाच टक्के कॉस्टिक सोड्यात मिनिटभर, पाण्याने धुवा, वर काळपट थर येतो तो पातळ नायट्रिक अॅसिडमध्ये बुडवून घालवा, परत पाणी, शेवटी अल्कोहोल आणि गरम हवा. हे फ्यूम हूडमध्ये आणि गॉगल लावून करायचं. यानंतर शीटला उघड्या बोटाने हात लावायचा नाही, बोटाचा ठसा उमटला तिथे थर सुटलेला मी स्वतः बघितलाय, ठशाच्या आकाराचा.

दहा-बारा थर रचा, तारा सगळ्या एकाच दिशेने, सगळ्यात वर एक कोरी शीट. स्टीलच्या तारेला ५२० डिग्रीच ठेवा, त्याहून वर लोखंड आणि अॅल्युमिनियमचा ठिसूळ थर भराभर वाढतो. दाब ३५ मेगापास्कल, वेळ अर्धा तास, डाय आणि रनच्या बाकी पायऱ्या खाली कार्बनसाठी सांगितल्यात त्याच. निघालेली चकती व्हाइसमध्ये धरून तारांना आडवी वाकवा. थर पापुद्र्यासारखे सुटले तर सफाई किंवा दाब कमी पडला, एकसंध वाकली तर तुम्ही पुढच्या रस्त्याला लागायला मोकळे.

आता कार्बनचा हिशोब

५० मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची चकती करायची आहे असं धरू. आकारमान ५.८९ घन सेंटिमीटर. फायबर आकारमानाच्या १५ टक्के, त्याहून जास्त नवख्याने घालू नये, मिसळतच नाही. फायबरची घनता १.८ धरली तर १.५९ ग्रॅम फायबर, आणि २.७ ने अॅल्युमिनियम १३.५ ग्रॅम. सगळं नीट बसलं तर घनता २.५६५ यायला हवी, हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, शेवटी लागतो. निकेल चढवलेला फायबर असेल तर त्याची घनता वेगळी, पाकिटावरची घ्या, १.८ नाही.

दाबाचा हिशोब हा सगळ्यात जास्त पंच मोडणारा भाग. चकतीचं क्षेत्रफळ १९६३ चौरस मिलिमीटर, त्यावर ३० मेगापास्कल म्हणजे ५८.९ किलोन्यूटन, आपल्या भाषेत सहा टन. पण प्रेसवरचा गेज चकतीवरचा दाब दाखवत नाही, सिलिंडरमधल्या तेलाचा दाखवतो. रॅम, म्हणजे प्रेसचा पिस्टन, १०० मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ७८५४, म्हणजे सहा टनांसाठी गेजवर फक्त ७.५ मेगापास्कल, ७५ बार लागतात. पोरं काय करतात, गेजवरच ३० मेगापास्कल लावतात, म्हणजे २४ टन, म्हणजे चकतीवर १२० मेगापास्कल, आणि मग आतून टक् असा आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. ग्राफाइटच्या डायवर ४० च्या पुढे मी जात नाही. तुमच्या प्रेसच्या रॅमचा व्यास मशीनच्या पाटीवर नसेल तर मॅन्युअल शोधा, अंदाजाने करू नका, आणि एक छोटा तक्ता करून गेजच्या बाजूला चिकटवा.

पावडर आणि फायबर मिसळणं

मिसळायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा. भुईनळ्यात जी पांढरी चांदीसारखी झाडं उडतात ती याच पावडरीची. ४५ मायक्रॉनच्या खालची अॅल्युमिनियम पावडर हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. पंखा बंद, मोबाइल लांब, भांडी अर्थ केलेली, सिंथेटिक कपडे नकोत, नाकावर एन-९५. आग लागली तर पाणी अजिबात नाही, नेहमीचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पण नाही, कोरडी वाळू किंवा मेटलच्या आगीसाठीची डी क्लासची पावडर. वाळूची बादली बाजूला आणून ठेवल्याशिवाय पावडरीची बाटली उघडू नका. कार्बन फायबरचं वेगळंच, तो विजेचा वाहक आहे, त्याची कूस उडून कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गेली की शॉर्ट होतं, आणि मनगटाला लागली की दिवसभर खाज.

बाजारात मिळणाऱ्या फायबरवर एपॉक्सीचं सायझिंग, म्हणजे पातळ लेप, असतं, ते काढायचं. अॅसिटोनमध्ये एक दिवस बुडवून ठेवा, अॅसिटोन दोनदा बदला, मग १०० डिग्रीला वाळवा. काही जण हवेत भट्टीत जाळतात, पण ४०० च्या पुढे हवेत फायबर स्वतःच जळायला लागतो, आणि किती जळला हे डोळ्याला कळत नाही, म्हणून मी अॅसिटोनचाच धनी.

सुका फायबर सुक्या पावडरीत टाकून हलवला की काय होतं ते फणीत अडकलेले केस बघितलेल्या कुणालाही सांगायला नको. गोळे, नुसते गोळे. म्हणून ओलं मिसळायचं. पाण्यात नाही, पाण्याशी ही पावडर रिअॅक्ट होऊन हायड्रोजन सोडते, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. आधी फायबर एकटा अल्कोहोलमध्ये टाकून अल्ट्रासोनिक बाथमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, दोरे सुटून धुक्यासारखे पसरले पाहिजेत, मग हळूहळू पावडर घालत मेकॅनिकल स्टररने हलवत राहा. बॉल मिल वापरायची तर थोडे, हलके बॉल आणि कमी वेळ, नाहीतर ३ मिलिमीटरच्या फायबरची भुकटी होते आणि मग फायबर-रिइन्फोर्स्ड म्हणायला लाज वाटते.

इथे अजून एक चूक होते. मिसळून झालं म्हणून भांडं तसंच ठेवून घरी जातात, सकाळी बघतात तर पावडर खाली आणि फायबर वर तरंगून वाळलेला. अल्कोहोल उडेपर्यंत हलवत राहायचं, मिश्रण श्रीखंडासारखं घट्ट झालं की ट्रेमध्ये पातळ पसरायचं. पहिल्यांदा फ्यूम हूडमध्ये, वास गेल्यावर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० डिग्रीला. अल्कोहोलने ओलं मिश्रण साध्या ओव्हनमध्ये कोंबू नका, वाफा साठतात आणि ओव्हनची कॉइल लाल असते.

डाय भरणं

ग्राफाइटची डाय भोसरीसारख्या ठिकाणी कुठलाही ग्राफाइटचं काम करणारा टर्नर करून देतो, फक्त बारीक दाण्याचं दाट ग्राफाइट मागा. डायची बाहेरची भिंत जाड ठेवा, ५० च्या भोकाला बाहेरून ११०-१२० तरी. आतून ग्राफाइट पेपरचं अस्तर लावायचं आणि मेटलकडच्या बाजूला बोरॉन नायट्राइडचा स्प्रे, दोन हात, मधे वाळवून. स्प्रे विसरला तर चकती डायला चिकटते आणि काढताना डाय फुटते. अॅल्युमिनियम थंड होताना ग्राफाइटपेक्षा पाचपट आखडतं, त्यामुळे स्प्रे नीट असेल तर चकती सहज बाहेर येते, ठोकायची वेळच येत नाही.

मिश्रण भरताना ते फुगलेलं असतं, ३ मिलिमीटरच्या चकतीला १० ते १२ मिलिमीटर उंची लागते, तेव्हा डाय बुटकी करू नका. तीन-चार हप्त्यांत भरा, दर वेळी पंचने हाताने हलकं दाबून सपाट करा. फायबर आडवे पडतात, दाबाच्या दिशेला काटकोनात, पोळपाटावर शेवया पसरल्यासारखे, म्हणजे चकती सगळ्या दिशांनी सारखी मजबूत होणार नाही हे रिपोर्टमध्ये लिहायला विसरू नका.

थर्मोकपलची गोष्ट

माझा तिसरा रन. ५६० सेट, डिस्प्लेवर ५६०, दाब ३०, सगळं शांत. मग डायल गेजचा, म्हणजे पंच किती सरकला ते दाखवणारा, काटा अचानक पळायला लागला. मी म्हटलं वा, दाबलं जातंय छान. दुसऱ्या दिवशी चेंबर उघडलं तर वरच्या पंचच्या भोवती अॅल्युमिनियमची झालर आली होती, पातळ, चकचकीत, लग्नातल्या मुंडावळ्यांसारखी लोंबत होती, आणि डायच्या आत उरलेला तुकडा अर्ध्या जाडीचा, त्यात फायबरचं प्रमाण किती हे देवालाच ठाऊक. मेटल वितळून फटीतून पिळून बाहेर आली होती. कारण शोधायला अर्धा तास गेला आणि सापडलं ते इतकं साधं की चिडायलाही जमेना. डायमध्ये थर्मोकपलसाठी (तापमान मोजणारी तार) भोक होतं, पण टोक त्यातून सेंटिमीटरभर बाहेर सरकलं होतं, आणि वर वॉटर-कूल्ड प्लेटच्या जवळ होतं. तिथे ५६० होतं, डायमध्ये ६०० च्या वर.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. भोक चकतीच्या पातळीला, भिंतीत इतकं खोल की पोकळीपासून पाच-सहा मिलिमीटरवर टोक यावं, आणि टोक ग्राफाइट वूलने कोंबून बसवायचं. थर्मोकपलवर मार्करने खूण, म्हणजे बाहेर सरकला तर दिसतो. आणि नवीन थर्मोकपल आला की आधी त्याची परीक्षा: छोट्या ग्राफाइट कपात शुद्ध अॅल्युमिनियमचा तुकडा, त्यात थर्मोकपल शीथसकट बोरॉन नायट्राइड लावून, आर्गॉनमध्ये सावकाश तापवायचं. वितळताना आकडा काही वेळ एका जागी थांबतो, तो ६६० ला थांबला पाहिजे. ६४८ ला थांबला तर तुमचा डिस्प्ले बारा डिग्री कमी दाखवतोय. कुणी सांगेल झिंक वापर म्हणून, ४१९ ला वितळतं, स्वस्त आहे, पण व्हॅक्यूम चेंबरमध्ये झिंक चुकूनही तापवू नका, त्याची वाफ होऊन सगळ्या भिंतींवर बसते आणि मग पुढचे सहा महिने चेंबर पुसणाऱ्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

रन

चेंबर बंद करून रोटरी पंपाने ०.०५ मिलिबारपर्यंत न्या, डिफ्यूजन पंप असेल तर अजून खाली. दाब फक्त पाच मेगापास्कलच्या आसपास, पंच जागेवर राहण्यापुरता. थंड असताना पूर्ण दाब दिला तर मेटल कडक असते आणि मधे अडकलेले फायबर काडेपेटीतल्या काड्यांसारखे मोडतात. आठ-दहा डिग्री मिनिटाला या वेगाने ४२० पर्यंत जा आणि तिथे अर्धा-पाऊण तास थांबा. हा थांबा डीगॅसिंगचा. पावडरीच्या ऑक्साइडमध्ये ओलावा धरलेला असतो, तो इथे निघतो, बाइंडर वापरला असेल तर तोही. व्हॅक्यूम गेज बघत राहा, काटा वर चढतो आणि मग परत खाली बसतो, तो पूर्ण खाली बसल्याशिवाय पुढे जायचं नाही, घड्याळाप्रमाणे नाही, गेजप्रमाणे. घाईत पुढे गेलात तर तो गॅस चकतीतच कोंडला जातो आणि नंतर परत तापवली की अंगावर फोड येतात, पुरीसारखी फुगते.

मग पाच डिग्रीच्या वेगाने ५६०. चकतीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटं तसंच राहू द्या. आता दाब वाढवा, पाच-दहा मिनिटांत हळूहळू ३० पर्यंत, एकदम नाही. डायल गेजवर डोळा ठेवा. तापवताना काटा उलटा सरकलेला दिसेल, सगळं प्रसरण पावतं म्हणून, घाबरू नका. दाब दिल्यावर भराभर खाली येतो, मग मंदावतो, मग दहा मिनिटं जागचा हलत नाही. तिथे काम झालं. माझ्या बहुतेक रनमध्ये अर्ध्या तासात थांबतो, तासाच्या वर मी कधीच ठेवत नाही, कारण दाट झाल्यानंतरचं प्रत्येक मिनिट फक्त कार्बाइड वाढवतं. आणि मघाशी सांगितलं तसा काटा थांबायच्या ऐवजी अचानक पळाला तर खूश होऊ नका, हीटर बंद करा आणि दाब उतरवा.

थंड करताना ४५० पर्यंत निम्मा दाब ठेवतो, मग काढून टाकतो. क्वेंचिंग वगैरे पहिल्या तुकड्याला नको, टी-६ (तापवून, पाण्यात थंड करून मजबुती वाढवायची ट्रीटमेंट) करायचा मोह होतो, पण मेटल आणि फायबरच्या आखडण्यातल्या फरकाने आतच ताण इतका असतो की पाण्यात बुडवून त्यात भर कशाला. चेंबर १०० डिग्रीच्या खाली आल्यावरच उघडा. "दादा आता दोनशेच आहे, उघडू का?" असं विचारणाऱ्याला मी सरळ चहाला पाठवतो.

बाहेर आल्यावर

आर्किमिडीज पद्धतीने घनता मोजा. २.५० आली तर २.५६५ च्या ९७.५ टक्के, पहिल्या तुकड्याला झक्कास. ९५ च्या खाली असेल तर दाब, वेळ किंवा डीगॅसिंगमध्ये गडबड. चकती पाण्यात बुडवावी लागते म्हणून मोजणी झटपट उरका आणि लगेच गरम हवेने वाळवा, शक्य असेल तर पाण्याऐवजी इथेनॉल वापरा आणि हिशोबात त्याची घनता घाला.

पाण्याची एवढी भीती का, तर कार्बाइड. थोडंफार झालेलं असतंच, आणि ते पाण्याशी रिअॅक्ट होऊन अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मिथेन बनतो. शिवाय कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओलावा मिळाला की बॅटरीसारखं होतं आणि अॅल्युमिनियम गंजतं. माझा एक तुकडा पाण्यावर पॉलिश करून प्लास्टिकच्या डबीत कपाटात ठेवलेला, मधे जून-जुलै गेले, ऑगस्टमध्ये डबी उघडली तर चकतीवर फायबरच्या रेघांनी पांढरी भुकटी आलेली आणि कडेचा कण नखाने निघत होता. तेव्हा कापताना लो-स्पीड डायमंड कटर आणि तेलाचा कूलंट, पॉलिशला शेवटी अल्कोहोल बेस्ड डायमंड पेस्ट.

मायक्रोस्कोपखाली आधी फायबरचे गुच्छ शोधा, गुच्छाच्या मधे काळं दिसलं तर मेटल पोचली नाही. मग एक पट्टी मोडून तुटलेला भाग एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बघा. फायबर लांबलांब स्वच्छ उपटून आलेत तर चिकटलेच नाहीत, तापमान किंवा वेळ थोडा वाढवा. फायबर मेटलच्या पातळीत सपाट तुटलेत तर जरा जास्तच चिकटलेत, कार्बाइडने बांधलेत, तापमान दहा-पंधरा डिग्री उतरवा. थोडे उपटलेले, थोडे तुटलेले, हे आपल्याला हवंय. एक्सआरडीमध्ये (एक्स-रे डिफ्रॅक्शन) कार्बाइडचे पीक बघायचे तर ३१ ते ३२ अंश आणि ५५ च्या आसपास बघा, पण थोडं असेल तर दिसत नाही, म्हणून पीक नाही म्हणजे कार्बाइड नाही असं गाइडसमोर छातीठोकपणे बोलू नका, मी बोललो होतो.

दुसरा रन करताना एकच गोष्ट बदला. तापमान, दाब आणि वेळ तिन्ही एकदम बदलले तर सुधारलं कशाने ते कळत नाही. वहीत प्रत्येक रनला डायल गेजचे आकडे दर पाच मिनिटांनी लिहा, व्हॅक्यूमचे पण, आणि थर्मोकपल कुठे बसवला त्याचं छोटं चित्र काढा. तुकडे झिपलॉक पिशवीत सिलिका जेलसकट डेसिकेटरमध्ये, पिशवीवर तारीख आणि रन नंबर, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा जेलचा रंग बघा, फिकट गुलाबी पडलं असेल तर ओव्हनमध्ये तापवून परत निळं करून ठेवा.